‘जागीच गेला’ म्हणालात, नाना

नाना, पिंप्राळ्यातल्या तुमच्या शोकसभेत तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं, की मधेच मला वाटलं, आपण चुकीच्या मंडपात येऊन बसलोय. एका वक्त्याने सांगितलं, शत्रूच्या कैदेतही नानांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं नाही. दुसऱ्याने तुम्हाला सिंहाची उपमा दिली आणि मग सिंह कैदेत कसा गेला हे समजावता समजावता त्याची दमछाक झाली. प्रमुख पाहुण्यांना पुढे एका कमानीच्या उद्घाटनाला जायचं होतं, त्यामुळे तुमचं उरलेलं शौर्य थोडक्यात आवरण्यात आलं.

तुम्ही असतात तर उठून उभे राहिला असतात. म्हणाला असतात, हसू कसलं, समोरचे दात पाडले होते त्यांनी, त्यामुळे तोंड तसं दिसायचं.

कुणीच उठलं नाही. मीही नाही. दुसऱ्याच्या शोकसभेत दुरुस्ती सुचवायला तुमच्यासारखा माणूस लागतो.

आपली ओळखच मुळी दुरुस्तीवरून झाली. मी तेव्हा जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि प्रजासत्ताक दिनाच्या सत्कारांची बातमी माझ्या हातून गेली होती. ‘युद्धात शौर्य गाजवणाऱ्या माजी सैनिकाचा गौरव.’ दुसऱ्या दिवशी तुम्ही बँकेतल्या पहाऱ्याच्या गणवेशातच कार्यालयात आलात, घडी घातलेला अंक टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, हे चुकीचं आहे. मी शौर्य गाजवलं नाही, मी पकडला गेलो. शौर्य करणारे वेगळे होते, त्यातले बरेच तिथेच राहिले.

मी म्हणालो, जास्त कौतुक झालं म्हणून खुलासा मागायला आजवर कुणी आलेलं नाही. तुम्ही म्हणालात, म्हणून तर छापा. संपादकांना विचारलं तर ते म्हणाले, स्तुतीबद्दल दिलगिरी कोणता पेपर छापतो? हे मी तुम्हाला जसंच्या तसं येऊन सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत. समोरच्या खुर्चीवर बसलात आणि चहा मागवलात, माझ्या कार्यालयात, माझ्या खर्चाने. तेव्हापासून तुमच्या सुटीच्या दिवशी तुम्ही यायचात, आणि मी निवृत्त झाल्यावर माझ्या घरी.

त्या गप्पांमध्ये हिलाल हळूहळू आला. आधी नुसता ‘माझा एक जोडीदार’ म्हणून, मग नावाने. तुम्ही बोदवडचे, तो दोंडाईच्याजवळच्या खेड्यातला. पलटण एक. सुटीवर येताना भुसावळपर्यंत एकत्र, तिथून त्याची गाडी पश्चिमेला, तुमची पूर्वेला. त्याच्या बोलण्याची तुम्ही टिंगल करायचात, तो तुमच्या. पुढे मात्र तुम्हीच चिडलात की त्याच्यासारखं बोलायला लागायचात. बोदवडच्या माणसाच्या तोंडी ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘सगळा’ला ‘बठ्ठा’ हे अहिराणी शब्द कुठून आले, हे तुमच्या सूनबाईला कधी कळलं नाही. मला कळलं होतं. बराकीत त्याच्या शेजारी झोपून आले होते ते.

एकाहत्तरच्या लढाईत एकाच सकाळी तुम्ही दोघं पकडले गेलात. त्याच्या पायात गोळी होती. मागे हटणाऱ्या तुकडीने त्याला पडताना पाहिलं आणि मेला असं धरलं. तुम्हाला पडताना कुणी पाहिलं नाही, म्हणून तुम्ही बेपत्ता. कागदावर तुमची ताटातूट तिथेच झाली. प्रत्यक्षात तुम्ही त्याला खांद्याचा आधार देऊन त्यांच्या ट्रकमध्ये चढवत होता.

तो कसा गेला ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत. सांगताना चहा आला, तेव्हा थांबलात, चहा आणणारी बाहेर जाईपर्यंत हवापाण्याचं बोललात आणि मग त्याच वाक्यापासून पुढे सुरू केलंत. त्या छावणीत डॉक्टर होता. पण डॉक्टर मागितला की आधी चौकशीचं बोलावणं यायचं. आणि हिलालची चौकशी त्याच्या नावापाशीच अडकायची. आपल्याकडे पाटलांच्या घरात मुलाचं नाव हिलाल ठेवतात, कुणाला काही वाटत नाही. तिथल्या अधिकाऱ्याला वाटलं. हे नाव तर आमचं, मुसलमानांचं, मग तू त्यांच्या बाजूने कसा? तो म्हणाला, मी हिंदू. मग नाव खोटं सांगतोस, खरं सांग. त्याच्याकडे दुसरं नाव नव्हतं. रोज विचारायचे, रोज तो तेच सांगायचा, आणि रोज मार बसायचा. पाय काळा पडत गेला. एका सकाळी दोघांनी त्याला धरून आणून बराकीत टाकलं. दुपारपर्यंत होता. तुम्ही जवळ होतात.

एवढंच. विशेषण एकही नाही. मी आयुष्यभर बातम्यांमधली विशेषणं काढत आलो, पण विशेषण न लावलेलं इतकं बोलणं त्याआधी ऐकलं नव्हतं. ‘वीर’ हा शब्द मी त्यानंतर जपून वापरायला लागलो. पेपरात जागा वाचली, हे संपादकांच्या लक्षात आलं. का वाचली, ते नाही.

युद्ध संपलं, करार झाले, तुम्ही सुटलात. सीमेवर हार घातले, मिठाई दिली, आणि मग आपल्याच अधिकाऱ्यांनी एका खोलीत बसवून विचारलं, तुम्ही त्यांना काय काय सांगितलंत? तुमचं काय काय केलं, हे कुणी विचारत नव्हतं. तुम्हीच सांगितलंत. हिलालचं सगळं सांगितलंत. एका अधिकाऱ्याने ते उतरवून घेतलं, खाली तुमची सही घेतली आणि म्हणाला, आता घरी जा, घरचे वाट पाहत असतील. त्या दिवसापासून सरकारला सगळं माहीत आहे. कैद्याला कसं वागवायचं याचे जगभरच्या देशांनी सह्या केलेले करार आहेत, हे तुम्हाला तोपर्यंत माहीत नव्हतं. कळल्यावर तुमची समजूत अशी झाली की मग तर सोपं आहे. सही करणाऱ्याला सही करणाऱ्याने विचारायचं. आपल्या सरकारने त्यांच्या सरकारला विचारावं, हिलालला का मारलं. विचारूनही त्यांनी उत्तर दिलं नाही, तर तसं जाहीर करावं. आणि त्याच्या घरी कळवावं की तो कैदी होता. बस.

यातलं काहीच झालं नाही. जुनी प्रकरणं उकरायची नाहीत, असं वरचं धोरण असल्याचं तुम्हाला कुणीतरी दबक्या आवाजात सांगितलं. ज्यांच्या अंगाला हात लागला नव्हता, त्यांनी तुमच्या वतीने माफ करून टाकलं होतं.

पण नाना, आता तुम्ही उलट बोलू शकत नाही, तर मीही माझं बोलून घेतो. सरकारला पळवाट तुम्ही दिलीत.

सुटून आल्यावर तुम्ही आधी बोदवडला न जाता हिलालच्या गावी गेलात. तिथे तो गेल्याची तार केव्हाच पोचली होती. दहावं झालं होतं, सुतक सोडवणारी गंधमुक्ती झाली होती, नातलग रीतीप्रमाणे टोप्या बदलून आपापल्या गावी गेले होते. आणि तुम्ही मनात हिशेब केलात, की ज्या दिवशी त्या ओट्यासमोर सारा गाव जेवत होता, त्या दिवशी तो तुमच्या शेजारी पालथा पडून पाणी मागत होता.

आपल्या खानदेशात दारावर जाणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. मयताच्या घरासमोर सतरंजी टाकतात, येणारा येऊन बसतो, कसं झालं ते विचारतो किंवा सांगतो. दारावर सांगितलेलं कुणी तपासत नाही. तिथे वाद घालत नाहीत. पहिल्याने जे सांगितलं तेच पुढचा सांगतो आणि तेच गावाचं होऊन जातं. हिलालच्या घरचं बसणं संपून दार कधीच उठलं होतं. पण त्याला शेवटचं पाहिलेला माणूस आलाय म्हटल्यावर त्याच्या आईने पुन्हा सतरंजी टाकली. शेजारपाजारचे येऊन बसले. आणि सगळ्यांदेखत तिने विचारलं, त्याले तरास झाया का रे?

तुम्ही म्हणालात, नाही माय. जागीच गेला. त्याला कळलंसुद्धा नाही.

तुमच्या जागी मी असतो तरी हेच म्हणालो असतो. ते जाऊ द्या. पण मग गावाने ते धरलं. शाळेच्या पटांगणात दगड बसला, त्यावर ‘लढता लढता वीरमरण’ असं कोरलं. दरवर्षी तिथे झेंडा, भाषण, पेढा. तुम्ही दरवर्षी भाऊबीजेला हिलालच्या धाकट्या बहिणीकडे, जिजाअक्कांकडे जायचात, कारण तिला दुसरा भाऊ नव्हता. ओवाळून घ्यायचात, खापरावरचे मांडे खायचात आणि परत येऊन दुसऱ्या दिवशी सरकारला अर्ज लिहायला बसायचात, की हिलाल लढताना नव्हे, कैदेत मारला गेला.

एका वर्षी मलाही नेलंत. जिजाअक्का तेव्हा साठीच्या आत होत्या, आई शेजारच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. जेवताना तुम्ही रंगात येऊन बोलत होतात आणि अक्का वाढता वाढता म्हणाल्या, "भाऊ, तुन्ही अहिराणी बोदवडनी शे." तुम्ही म्हणालात, गुरूच वाईट मिळाला. दोघंही हसलात. कुणाबद्दल बोललात ते तुम्हा दोघांना माहीत होतं. मला त्या हसण्यात बसवेना. मी ताकाला नको म्हटलं आणि हात धुवायला उठलो.

दोंडाईच्याच्या स्टेशनवर गाडी उशिरा होती. बाकावर बसून मी तुम्हाला म्हणालो, अक्कांना सांगून टाका. मायला नाही तर निदान त्यांना. तुम्ही म्हणालात, का म्हणून? हसतेय ती. मी म्हणालो, मग सरकारला विचारणं सोडा. एका तोंडाने दोन गोष्टी चालणार नाहीत. तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, जणू मी तुमच्या बँकेत न विचारता शिरलो होतो. म्हणालात, सांगायचं काम माझं नाही. मी सरकारला सांगितलंय. त्यांनी आधी जाब विचारायचा, मग शिक्का मारून या घरी कळवायचं. मी कोण? मी मेलेल्याच्या शेजारी झोपलेला माणूस.

गाडी आली तरी आपलं भांडण संपलं नव्हतं. जळगावपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर बघत होता.

आणि मग ज्याची मला भीती होती तेच झालं. सरकारात एकदा कधी नव्हे तो एक अधिकारी भला निघाला. त्याने तुमचा अर्ज खरोखर वाचला आणि गावाला माणूस पाठवला. माणसाने जिजाअक्कांना विचारलं, तुमच्या भावाचं कसं झालं, तुमची काही तक्रार आहे का. आई तेव्हा हयात होती, आतल्या खोलीतून ऐकत होती. अक्का म्हणाल्या, भाऊ जागीच गेला, नानाभाऊंनी स्वतः येऊन सांगितलंय. तक्रार कसली?

मग त्या अधिकाऱ्याने तुम्हाला बोलावलं. चहा दिला, खुर्ची दिली. आवाज चढवला नाही. कागदावरचं वाचून दाखवलं आणि म्हणाला, "काका, दोन्ही तुमचंच आहे. यातलं कुठलं खरं धरू?"

तुम्ही म्हणालात, अर्जातलं.

तो म्हणाला, "पण हे तर तुम्ही त्याच्या आईसमोर बोललात. आईसमोर कुणी खोटं बोलतं का?"

बोलून चालून भला माणूस. त्याला खरंच तसं वाटत असावं. त्याने आणखी एक मोकळेपणाने सांगितलं, की आपण विचारायला गेलो तर तेही विचारतील, त्यांचेही कैदी आपल्याकडे होते. तुम्ही म्हणालात, विचारू द्या ना. आपल्याकडे कुणी कुणाला मारलं असेल तर त्यालाही धरा. मार बसतो तेव्हा कोणत्या बाजूचा आहे ते अंगाला कळत नाही. अधिकारी यावर हसला, आणि शेरा मारला: कुटुंबाची तक्रार नाही, प्रकरण निकाली.

त्या दिवशी तुम्ही तडक माझ्या घरी आलात. पाणीसुद्धा घेतलं नाहीत. उभ्यानेच म्हणालात, "मायले सांगं ते मायसाठे सांगं. सरकार काय माय शे का?"

हे तुमचं खरं होतं, नाना. आईला खोटं सांगायचा माणसाला हक्क असतो. सरकारने त्या खोट्याचा आडोसा घ्यायचा नसतो. त्यांच्याकडे तुमची सही होती. तुम्ही सुटून आलात त्या आठवड्यातली, मार अंगावर ओला असतानाची. ती बाजूला ठेवून त्यांनी ओट्यावरचं वाक्य उचललं, कारण ते सोयीचं होतं. मी यावर लिहिलं. छापून आलं तेव्हा आतल्या पानावर कोपऱ्यात होतं आणि मथळा कुणीतरी बदलला होता: ‘माजी सैनिकाची खंत.’ खंत म्हटलं की कुणाला काही करावं लागत नाही. खंत आपोआप बरी होते, असा आपल्याकडे समज आहे.

तुम्ही मात्र थांबला नाहीत. सत्कारांना तुम्ही एरवी गेला नसतात, पण सत्कारानंतर दोन शब्द बोलायला मिळतात म्हणून जायला लागलात. शाल खांद्यावर, नारळ हातात, आणि माईकसमोर एकच प्रश्न. हिलालला कैदेत मारलं, सरकार जाब कधी विचारणार? पहिल्यांदा टाळ्या पडल्या, कारण लोकांना वाटलं हा देशभक्तीचा भाग आहे. पुढच्या वर्षी आयोजक सावध झाले. मग कार्यक्रमपत्रिकेतून सत्कारमूर्तींचं मनोगतच गेलं. शाल राहिली, माईक गेला. तुम्ही मला पत्रिका आणून दाखवलीत आणि म्हणालात, बघा, इतक्या वर्षांत सरकारदरबारी माझ्या प्रश्नावर झालेली ही पहिली कार्यवाही.

एकदा एका मंत्र्याने तुम्हाला व्यासपीठावर मिठी मारली आणि कानात विचारलं, काही अडचण? तुम्ही त्या मिठीतच सगळं सांगून टाकलंत. ते म्हणाले, नक्की बघतो. महिन्याभराने टपालाने तुमच्या नावाचं सन्मानपत्र आलं, सोनेरी किनारीचं. ते तुम्ही भिंतीवर लावलंत. मला धक्का बसला. तुम्ही म्हणालात, तिथे ओल येते, रंग खराब दिसतो.

हसलो मी तेव्हा. आता आठवलं की चीड येते. तुमच्यावर, त्यांच्यावर, माझ्यावर नाही म्हटलं तरी थोडी. तुम्ही इतके विनोदी नसतात तर कदाचित कुणी गंभीरपणे घेतलं असतं. मराठी माणूस विनोदी माणसाच्या दुःखाला दाद देतो आणि घरी जातो.

आता तुम्ही गेल्यानंतरचं सांगतो. तुम्हाला हे सांगायलाच लिहायला बसलोय, बाकी सगळी प्रस्तावना समजा.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुमच्या दारावर माणसं तुरळक होती. एक रिक्षा थांबली आणि जिजाअक्का उतरल्या. एकट्या, दोंडाईच्याहून गाडीने आलेल्या. बायका आत बसल्या होत्या, पण त्या आत गेल्या नाहीत. ओट्यावर माझ्या शेजारी सतरंजीवर बसल्या. मला ओळखलं, ‘पेपरवाले भाऊ’ म्हणाल्या. मग म्हणाल्या, आता सांगा, माझा भाऊ कसा गेला.

मी म्हणालो, अक्का, नानांनी सांगितलं होतं की...

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. म्हणाल्या, "माय त्याच दिन म्हने, हाऊ पोर्‍या खोटं बोली राहिना. पन मन्हासाठे बोली राहिना. त्याले कधी खोटा पाडू नका."

नाना, हिलालच्या आईला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही सतरंजीवर बसून ‘जागीच गेला’ म्हणालात तेव्हा तुमची नजर तिच्या पायांवर होती, एवढ्यावरून कळलं. सरकारचा माणूस विचारायला आला तेव्हा तिने आतल्या खोलीतून हाक मारून लेकीला बजावलं होतं, की नानाने जे सांगितलं तेच सांग. इतक्या लांबून येऊन त्या पोराने आपल्यासाठी जे केलं, ते परक्यासमोर मोडायचं नाही. तुम्ही तिला जपलंत. तिने तुम्हाला जपलं. तिच्या मागे तिच्या लेकीने तुम्हाला जपलं, दर भाऊबीजेला, हसत. तुम्ही एकमेकांना जपत राहिलात आणि मधल्या मोकळ्या जागेत सरकार पाय पसरून बसलं.

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. मला संताप आला. तुम्हाला उठवून सांगावंसं वाटलं, की बघा, त्या स्टेशनच्या बाकावर माझं ऐकलं असतं तर. जिवंत साक्षीदार आणि तक्रार करणारं कुटुंब, दोन्ही एकाच वेळी, एकाच मुलुखात, एका दिवसाच्या प्रवासावर होते. फक्त एकमेकांचं मन दुखवायला तयार नव्हते.

अक्का म्हणाल्या, आते सांगी दे. आता माय आणि नानाभाऊ दोघंही नाहीत, कुणी खोटं पडणार नाही.

मी सांगितलं. तुम्ही सांगितलं होतं तसंच, विशेषण न लावता. पायाचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं, नावाचं सांगितलं. नावापाशी त्यांनी डोळे मिटले. हे नाव आपल्या आजीने ठेवलं होतं, एवढंच म्हणाल्या. मी त्याच्या शेवटच्या दुपारपर्यंत येऊन थांबलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "जोडे कोन व्हतं?"

मी म्हणालो, नाना होते जवळ.

त्यांनी मान हलवली. पदर सावरला, आत गेल्या, तुमच्या फोटोसमोर बसल्या. सूनबाईने पाणी दिलं ते प्यायल्या. बाहेर आल्या त्या चपला घालतच, आणि मला म्हणाल्या, धुळ्याला कधी जायचं? मी म्हणालो, कशाला? म्हणाल्या, माझी तक्रार आहे ना.

तुम्ही पाहायला हवं होतं. त्या वयात, गुडघे धरून, धुळ्याच्या माजी सैनिकांसाठीच्या सरकारी कार्यालयाचा जिना एकेक पायरी चढल्या. टेबलामागे एक तरुण कर्मचारी होता. उद्धट नव्हता. उद्धट असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. त्याने अक्कांना बसायला खुर्ची दिली, पंखा वाढवला, सगळं ऐकून घेतलं. ऐकताना मधे एकदा म्हणाला, बापरे. मग संगणकात पाहिलं, म्हणाला, हे प्रकरण पूर्वीच निकाली निघालंय, पण कुटुंबाची तक्रार आली तर नव्याने पाठवता येईल. फक्त तो कैदेत होता याला काही आधार लागेल.

मी म्हणालो, आधार तुमच्याकडेच आहे. सोबतच्या कैद्याने सुटून आल्यावर सांगितलेलं सगळं तुमच्याकडे सहीनिशी आहे. तो म्हणाला, इतकं जुनं आता कुठे असेल सांगता येत नाही, इथे तर नसणारच, वर विचारावं लागेल आणि वरचे आम्हालाच विचारतील. त्यापेक्षा ते साक्षीदार पुन्हा एकदा सांगायला तयार असतील तर काम सोपं होईल.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुम्ही गेल्याचं सांगणार होतो, नाना. तोंड उघडलंही होतं. पण तुमचंच आठवलं, की सांगायचं काम आपलं नाही. इतकी वर्षं सरकारला सगळं आपणच घरपोच नेऊन दिलं. एवढी एक गोष्ट त्यांनी स्वतः विचारून माहीत करून घ्यावी. तुमचा फोन सूनबाईने बंद केलेला नाही, अजून लोकांचे सांत्वनाचे फोन येतात त्यावर. यांचाही येईल. पहिल्यांदाच कुणीतरी सरकारातून तुमची चौकशी करील.

मी तुमचं पूर्ण नाव सांगितलं, नंबर सांगितला. त्याने नीट, सुवाच्य अक्षरात लिहून घेतला आणि विचारलं, त्यांना कधी फोन केला तर चालेल?

मी म्हणालो, आतापर्यंत कधीही चालला असता.

त्याने ‘कधीही’ एवढंच लिहून घेतलं.